गळ, गूगल आणि एक काळा ठिपका

फ्रायडे नाइट. माझ्या ग्रुपमधली अर्धी मंडळी कोरेगाव पार्कात, उरलेली अर्धी 'कुठे बसलायत रे' असं विचारत रस्त्यावर. आणि मी? मी घरी, पायजम्यात. मांडीवर लॅपटॉप, शेजारी मॅगीचा बाऊल, स्क्रीनवर एक नदी. ती मी खालून वर बघत चाललेय. एखाद्या वळणावर थांबते, झूम करते, स्वतःशीच 'हं' म्हणते आणि पुढे सरकते. आई दोनदा डोकावून गेली. तिसऱ्यांदा तिला राहवेना. "अगं, निदान कुणाशी चॅट तरी कर!"

तिचं काही चुकत नाही. अठ्ठावीस वर्षांची मुलगी शुक्रवारी रात्री एकटीच सह्याद्रीतले ओढे न्याहाळत बसते, हे कुठल्याही आईला काळजीत टाकणारंच. पण या पानाच्या जुन्या वाचकांना माझा हा नाद ठाऊक आहे. मी गळ टाकते. (ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनी नाक मुरडून घ्यावं, मी थांबते.)

तर मासेमारीचा सगळा फंडा एका प्रश्नात आहे. कुठे? रॉड कुठला, रील कुठलं, आमिष काय, ही सगळी नंतरची चैन. मासा नाही अशा ठिकाणी तुम्ही वीस हजारांचा रॉड घेऊन उभे राहिलात, तर तुम्ही फक्त एक महागडी काठी धरून उभे असता. पूर्वी हे 'कुठे' शोधण्यात माझे रविवारच्या रविवार जायचे. कुणीतरी सांगायचं, "भोरच्या पुढे एक डोह आहे, एकदा बघच." दीडशे किलोमीटर बाइक मारून जावं, तर डोहाच्या जागी गुडघाभर पाणी आणि त्यात म्हशी. त्या म्हशीही अशा बघायच्या, की आली आणखी एक.

हा पेट्रोलचा खर्च वाचवला माझ्या मामाने.

मामा पाटबंधारे खात्यात होता. आयुष्यभर नकाशांत डोकं घालून बसलेला माणूस. रिटायर झाल्यावरही त्याच्या कपाटात टोपोशीटच्या पिवळ्या पडलेल्या झेरॉक्सच्या गुंडाळ्या होत्या आणि मामीला त्या रद्दीत घालायच्या होत्या. सर्व्हे ऑफ इंडियाचे हे नकाशे म्हणजे एक सेंटिमीटरला पाचशे मीटर. पुण्याच्या आसपासचा टापू '४७ एफ' या नंबरात येतो. मामाने मूळ रंगीत शीट जमिनीवर पसरली, चष्मा कपाळावर सरकवला आणि मला अर्ध्या तासात जे शिकवलं ते भूगोलाच्या बाईंनी दहा वर्षांत शिकवलं नव्हतं.

"निळी रेघ दिसली की तिथे बारा महिने पाणी. काळी रेघ म्हणजे हंगामी ओढा, दिवाळी झाली की नुसते दगड. या तपकिरी रेघा म्हणजे काँटूर. एका रेघेवरून दुसरीवर गेलीस की वीस मीटर चढलीस. रेघा लांब लांब असतील तर पाणी निवांत. आणि इथे बघ, सगळ्या एकमेकींना चिकटून नदी ओलांडतायत. म्हणजे काय?"

"धबधबा?"

"धबधबा. मासा इथवर येणार. याच्या पुढे नाही. मग तुला याच्या खाली उभं राहायचंय की वर?"

यात जातीचं शिक्षण आहे, आणि ते फुकट मिळत होतं. मी खाली उभी राहिले.

गंमत म्हणजे, हे नकाशे एके काळी सहज मिळायचेच नाहीत. कित्येक शीटवर निर्बंध होते, अर्ज-विनंत्या कराव्या लागत. मग २००५ साल उजाडलं. गूगलने आधी मॅप्स आणले, जूनमध्ये गूगल अर्थ आणलं आणि जगातल्या कुणालाही कुणाच्याही गच्चीवरच्या टाक्या मोजता यायला लागल्या. राष्ट्रपती अब्दुल कलामांनी त्याच वर्षी सुरक्षेच्या मुद्द्यावरून काळजी बोलून दाखवली होती. २००९ मध्ये 'इस्रो'ने आपलं 'भुवन' सुरू केलं. २०१७ पासून सर्व्हे ऑफ इंडियाच्या शीट ऑनलाइन उतरवून घेता येतात. थोडक्यात, मामाने कुलपात जपलेलं गुपित आता माझ्या मांडीवर आहे. मामा पहिल्यांदा माझ्या लॅपटॉपवर गूगल अर्थ बघायला बसला, तेव्हा त्याने नोकरीत पाहिलेली सगळी धरणं एकामागून एक उडत उडत बघितली. दोन कप चहा गार झाला. शेवटी म्हणाला, "ह्यासाठी आम्ही उन्हातून चालत होतो गं."

आता बघायचं कसं?

पहिली गोष्ट, महिना. ऑक्टोबरचं चित्र कुणाचंही सुंदरच दिसतं. नदीचंही, माणसाचंही. नदीची खरी परीक्षा एप्रिल-मे. गूगल अर्थमध्ये जुनी चित्रं मागे मागे सरकवून बघायची सोय आहे, तिथे जाऊन उन्हाळ्यातलं चित्र काढायचं. सगळे डोंगर बिस्किटासारखे तपकिरी झालेले असतात आणि त्यातून एक हिरवा दोरा गेलेला दिसतो. जांभूळ, करंज, उंबर. ही झाडं मे महिन्यात हिरवीगार उभी असतील तर त्यांच्या पायाशी ओल आहे.

मग पाण्याचा रंग. उथळ पाणी तळाचा रंग घेतं, म्हणून ते मातकट किंवा फिकट दिसतं. पांढऱ्या रेषा म्हणजे खळाळ, तिथे पाण्यात हवा मिसळते आणि उन्हाळ्यात माशाला तीच हवी असते. आणि जिथे रंग गडद हिरवा होत होत काळा होतो, तिथे खोली. नदी वळते तिथे बाहेरच्या बाजूला पाणी काठ खरवडतं, त्यामुळे डोह बहुतेकदा वळणाच्या बाहेरच्या कुशीत सापडतो. खळाळ संपतोय आणि लगेच काळं पाणी सुरू होतंय, अशी जागा दिसली की माझ्या छातीत धडधडतं. काही मुलींना अंगठीच्या दुकानात होतं तसं.

उलट, फार हिरवं दिसलं तर पळायचं. आपल्याच मुळा-मुठेकडे उन्हाळ्यातल्या चित्रात बघा. हिरवागार गालिचा. क्रिकेट खेळावं इतका. ती जलपर्णी, आणि ती कशावर पोसली जाते ते आपण रोज फ्लश करतो.

चुका? ढीगभर. एकदा एका वळणावर असा काळाभोर, लांबुळका डोह दिसला की मी रविवारची वाट न बघता गुरुवारीच डेडलाइन बुडवून गेले. डोह नव्हताच. ती कड्याची सावली होती. हे उपग्रह आपल्या डोक्यावरून बहुधा सकाळी साडेदहाच्या आगेमागे जातात, सूर्य पूर्वेकडे असतो, त्यामुळे उंच कड्याची सावली पश्चिमेला लोळते आणि ती हुबेहूब पाण्यासारखी दिसते. उपाय साधा आहे. वेगवेगळ्या महिन्यांतली चित्रं लावून बघायची. सावली आकार बदलते, डोह बदलत नाही. हे ज्ञान मला रणरणत्या उन्हात, कोरड्या दगडांवर बसून डब्यातला पोळीभाजीचा रोल खाताना झालं.

दुसऱ्यांदा डोह होता, पण चित्र दोन वर्षांपूर्वीचं. मधल्या काळात वर बंधारा झाला होता. तेव्हापासून मी गूगलच्या जोडीला सेंटिनेलची चित्रं बघते. हे युरोपचे उपग्रह, दर पाच दिवसांनी नवं चित्र देतात आणि तेही फुकट. फक्त एक चौकोन म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर, त्यामुळे सगळं अंधूक. गूगलचं चित्र देखणं पण शिळं, सेंटिनेलचं ताजं पण चष्मा काढल्यासारखं. दोघांकडून अर्धं अर्धं खरं काढून घ्यायचं. (पत्रकारितेत याला क्रॉस-चेक म्हणतात. मास कॉमच्या फीची वसुली.)

आता मुद्द्याचा मासा. महसीर.

१८३९ मध्ये कर्नल साइक्स नावाच्या साहेबाने दख्खनच्या माशांची नोंद केली. त्यात आपल्या महसीरला त्याने 'खुद्री' हे नाव लावलं. ते इथल्याच लोकांच्या तोंडचं, खडशी म्हणतात तसल्या नावावरून आलेलं. शास्त्रज्ञ आजही तेच वापरतात, टोर खुद्री. आणि साइक्सला तो कुठे मिळाला होता? पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेत. हो, तीच. आज तिथे महसीर शोधणं म्हणजे लक्ष्मी रोडला बिबट्या शोधणं. लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात टाटा पॉवर १९७० च्या दशकापासून महसीरची पिल्लं वाढवतं, ती देशभर गेली. महाडजवळ वाळण कोंडीत, वाड्याजवळ तिळसेश्वराच्या डोहात देवाचे मासे म्हणून लोक त्यांना चुरमुरे घालतात, कुणी हात लावत नाही. पण देवळाबाहेर, कुणाचंही नाव नसलेल्या पाण्यात, स्वतःच्या हिमतीवर जगणारा महसीर बघायला मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे. मला ती हवी होती. पकडायची, बघायची, सोडायची. खायला नाही. खायला चिलापी आहे की.

महसीर पावसाळ्यात चढणीला लागतो. धरणाच्या फुगवट्यातनं वर, नदीत, अंडी घालायला. (त्या चार महिन्यांत मी गळ टाकत नाही. बाळंतिणीच्या खोलीत शिरू नये.) पाणी उतरलं की काही परत खाली येतात, काही वरच्या खोल डोहांतच राहतात. म्हणजे मला हवा होता धरणाच्या वर, पहिल्या धबधब्याच्या खाली, मे महिन्यातही काळा दिसणारा डोह. तीन आठवडे रात्री जागून मी तो काढला. एक काळा ठिपका. पट्टी लावून मोजला, सत्तर मीटर लांब, पंचवीस रुंद. आठ वर्षांच्या चित्रांत तो एकदाही आटला नव्हता. जवळचा रस्ता अडीच किलोमीटरवर.

नदीचं नाव मी सांगणार नाही.

गेल्या वर्षी जानेवारीत गेले. शेवटच्या वाडीत गाडी लावली. धरणाच्या पाण्यात मासेमारीचा ठेका संस्थेकडे असतो, वरच्या नदीत गावाचा शब्द, त्यामुळे विचारल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही, ही माझी पद्धत. एका घराच्या ओट्यावर एक आबा बसले होते. रॉडच्या पिशवीकडे बघून म्हणाले, "मोजणीवाली हाईस का?"

"नाही आबा, गळ टाकायला आलेय. तिकडे वळणावर मोठा डोह आहे ना, जांभळीखाली?"

आबा एकदम ताठ बसले. "तुला कोन बोल्लं?"

मी फोन काढून दाखवलं. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला. वाडी ओळखली, शाळेचा पत्रा ओळखला, स्वतःचं घर ओळखलं. मग बोट खाली सरकवत धरणाच्या पाण्यावर आले. मी मेमधलं चित्र लावलं. पाणी खाली गेलेलं, आणि ओल्या गाळातून रेघाच रेघा वर आलेल्या. वाकड्यातिकड्या, एकाखाली एक. मला वाटलं काँटूरच.

"हे आमचं बांध," आबा म्हणाले. "ही जुनी वाट. हितं चिंच व्हती." धरण होऊन पंचवीसेक वर्षं झाली होती. त्यांच्या भाताच्या खाचरांचे बांध पाण्याखाली अजून जागच्या जागी होते आणि ते दर उन्हाळ्यात आकाशातनं दिसत होते, हे आबांना कुणी सांगितलंच नव्हतं. नातवाला हाक मारली, सुनेला हाक मारली. मला चहा आला, मग कांदाभजी आली. डोहाचं काम तासभर लांबलं.

डोहाला त्यांचा नियम होता. होळीपासून पहिल्या पावसापर्यंत तिथे जाळं नाही, गळ नाही. पाणी कमी, मासा कोंडलेला, पळायला वाट नाही. तेव्हा त्याला हात लावला तर म्हसोबा बघून घेतो. बाकीच्या दिवसांत पोटापुरतं. मी सोडून देणार म्हटल्यावर आबांना माझ्या डोक्याबद्दल शंका आली, पण ते सोबत आले.

सकाळचं पाणी अगदी चित्रातल्यासारखं होतं, काळं, आणि जवळ गेल्यावर एकदम आरपार हिरवं. काटा चेपलेल्या गळावर लहानसा चमचा लावून मी खळाळाच्या तोंडाशी टाकत राहिले. दोन तास काही नाही. मग जे झालं ते लिहून सांगता येत नाही. रील किंचाळलं एवढंच आठवतंय. पंधरा-वीस मिनिटांनी काठाशी आला, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढा. पितळी खवले, प्रत्येकावर काळपट कड, निळसर पर. आबा म्हणाले, "खडशी." दोन सेकंद पाण्याबाहेर धरला, आबांच्या नातवाने फोटो काढला, आणि सोडला. आधी हातात तसाच थांबला, मग शेपटी मारून माझं तोंड भिजवून गेला.

तो फोटो तुम्ही बघितलाय. याच पानावर, फेब्रुवारीत. मी, मासा, वेड्यासारखं हसू. नाव-गाव काही दिलं नव्हतं. फक्त 'भोरच्या पलीकडे' असं लिहिलं होतं. मला मी फार शहाणी वाटले होते.

मार्चमध्ये वाकडला एका मैत्रिणीची वास्तुशांत होती. जेवणं झाल्यावर तिच्या ऑफिसातला एक मुलगा आला, एकदम उत्साही, छान मुलगा. "मॅडम, तुमचा स्पॉट सापडला!" मी म्हटलं, शक्यच नाही. त्याने तिथेच लॅपटॉप उघडला. फोटोत माझ्या खांद्यामागे एक डोंगर आहे. डाव्या अंगाला सुळका, मग खिंड, मग लांब सपाट पठार. त्याने गूगल अर्थ आडवं केलं, म्हणजे वरून न बघता जमिनीवर उभं राहून बघावं तसं, आणि भोरच्या पलीकडच्या एकेक खोऱ्यातून चालत सुटला. चौथ्या खोऱ्यात तो सुळका, ती खिंड, ते पठार, जसंच्या तसं फोटोवर बसलं. "मग काय, खाली नदीवर काळा ठिपका एकच होता. वीस मिनिटं लागली." त्याने पट्टी लावली. सत्तर मीटर.

इथे मी थोडं खरं बोलायला हवं. मला त्या क्षणी राग आला नाही. भारी वाटलं. माझीच विद्या, माझ्याच पद्धतीने, कुणीतरी माझ्या कॉलमवरून शिकला होता. मी 'हो' म्हटलं नाही. पण हसले. आणि माझं ते हसू त्याने वाचलं. "कुणाला सांगू नकोस हां," एवढं मात्र म्हटलं. तो म्हणाला, "छे हो, फक्त आमच्या वीकेंड ग्रुपवर टाकलंय."

"किती जण आहेत?"

"असतील साठ-सत्तर."

एप्रिलमध्ये आबांचा फोन आला. नातवाने लावून दिला होता. चार गाड्या आल्या होत्या. विचारलं तर म्हणाले, नदी सरकारची आहे. रात्री तंबू, गाणी, सकाळी काठावर बाटल्या. आबांनी होळीनंतरचा नियम सांगितला, तर एकाने त्यांना शंभराची नोट देऊ केली. "तू सांगितलंस का गं?" आबांनी विचारलं.

"नाही आबा," मी म्हटलं. त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि फोन ठेवल्यावर मला जेवण गेलं नाही.

पिन डिलीट करायचं सुचलं. माझ्या लॅपटॉपवरची केली. बाकीच्या साठ-सत्तर जणांच्या फोनमधली कशी करणार? त्या मुलाला फोन केला. त्याला खरंच वाईट वाटलं, त्याने ग्रुपवर मेसेजही टाकला. त्या मेसेजमुळे ज्यांनी आधी बघितलं नव्हतं त्यांनीही बघितलं असणार.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे डोहात दोन बार झाले. जिलेटिन. विहिरी खोदायला, खाणीत वापरतात ते. पाण्यात स्फोट झाला की माशाच्या पोटातली हवेची पिशवी फाटते. काही वर तरंगतात, तेवढे गोळा करतात. बरेचसे तळाशी जातात आणि तिथेच कुजतात. लहान-मोठा, अंड्यावरचा, काही फरक नाही. हा काही नवा शोध नाही. सुरुंग लावून आणि विष घालून मासे मारण्याविरुद्धचा आपला कायदा १८९७ चा आहे. म्हणजे तेव्हाही लोक हेच करत होते.

मी गेले. खरं तर सांगायला गेले होते. वाटेत वाक्य पाठ करत होते. डोहावर वास होता. पाणी तसंच, काळं, जवळून हिरवं. कडेच्या दगडांत बोटाएवढी पिल्लं अडकून वाळली होती, मुंग्या लागलेल्या. म्हसोबाच्या दगडाला कुणीतरी ताजा शेंदूर लावला होता.

ओट्यावर बसून आबांना म्हटलं, "आबा, तो फोटो मी छापला. त्यातल्या डोंगरावरून त्यांनी जागा काढली."

आबा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बार त्यांनीच लावला असं न्हाई. शहरातल्या पोरांना कुठनं जमतंय. आमच्या खालच्या अंगाचं कुनी असंल. गाड्या येत्यात म्हंजी मासा हाय, एवढं कळलं त्यास्नी." जरा वेळाने, "पन आधी ठावं नव्हतं."

मी अंक पिशवीतून काढला. त्यांनी फोटो बघितला, माझ्याकडे न बघता डोंगरावर बोट ठेवलं, सुळक्यापासून पठारापर्यंत फिरवलं आणि अंक मिटून बाजूला ठेवला. सुनेने चहा आणला. या वेळी भजी नव्हती, आणि ती नव्हती हे मी मोजलं, याचीही मला लाज वाटली.

"ते वरचं चित्र दाव," आबा म्हणाले. "डोहाचं. आत्ताचं."

मी सेंटिनेल उघडलं. ढग यायला लागले होते, तरी दोन दिवसांपूर्वीचं एक स्वच्छ चित्र होतं. स्फोटाच्या पाच दिवसांनंतरचं. वाडी, नदीचा हिरवा दोरा, वळण, आणि वळणाच्या कुशीत पंधरा-वीस चौकोनांचा तो काळा ठिपका. जसा तीन आठवडे रात्री जागून मी काढला होता, तसाच्या तसा.

आबांनी फोन लांब धरला, जवळ धरला.

"बार उडाल्यावरचं हाय हे?"

"हो आबा. परवाचं."

"यात तर समदं बेस दिसतंय," ते म्हणाले आणि फोन माझ्या हातात देऊन म्हशी सोडायला उठले.